दूरवरून सर्व्हरचा कन्सोल आणि वीज सांभाळताना या चुका टाळा

मशीन रूमपर्यंत न जाता अडकलेला सर्व्हर उठवता यावा म्हणून आपण कन्सोल सर्व्हर (यंत्रांचा कन्सोल, म्हणजे थेट मजकुराचा पडदा आणि कळफलक, नेटवर्कवरून देणारं यंत्र), स्विच्ड पीडीयू (दूरवरून एकेक आउटलेट बंद-चालू करता येणारा वीजपट्टा) आणि बीएमसी (सर्व्हरवर देखरेख करणारा बोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणक) बसवतो. ऐन वेळी दगा देतात ती ही यंत्रं क्वचितच. बहुतेक वेळा ती ज्याच्या भरवशावर चालतात तेच आधी बंद पडलेलं असतं. म्हणून प्रत्येक जोडणी करताना विचारा: मुख्य नेटवर्क पडलं तर इथपर्यंत पोचता येईल का?

सुटकेची वाट त्याच स्विचमधून नेणे

मुख्य स्विचचा कन्सोल ज्या कन्सोल सर्व्हरला जोडलेला आहे, त्याचीच नेटवर्क केबल त्या स्विचमध्ये खोचलेली असते. मग कॉन्फिगरेशनची एक ओळ चुकली की दोन्ही हातचे जातात. मॅनेजमेंटसाठी वेगळा स्विच ठेवा आणि बाहेर पडायला वेगळी लाइन किंवा फोरजी मोडेम ठेवा. वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचमध्ये आखलेलं आभासी वेगळं नेटवर्क) असणं चांगलंच, पण तो त्याच स्विचवर असेल तर या अडचणीत त्याचा उपयोग नाही.

विजेतही हीच गाठ पडते. मॅनेजमेंट स्विचला वीज देणारं आउटलेट 'ऑफ' केलं, तर 'ऑन' म्हणायला वाट उरत नाही. अशा आउटलेटवर नेहमी 'रीबूट' हीच आज्ञा द्या. बंद करून पुन्हा चालू करण्याचं काम पीडीयू स्वतःच पुरं करतो. लॉगिन एलडॅप किंवा रेडियस या नेटवर्कवरच्या मध्यवर्ती खाते-सेवांवर चालत असेल तर प्रत्येक उपकरणावर एक स्थानिक खातं हवंच. आयपी पत्त्यांची यादी डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) बाहेरही असू द्या.

बीएमसीचं नेटवर्क पोर्ट 'फेलओव्हर'वर (एक पोर्ट नसेल तर आपोआप दुसरं घेण्यावर) सोडू नका. काही बोर्डांवर बीएमसी सुरू होताना स्वतंत्र पोर्टला लिंक मिळाली नाही, तर तो सर्व्हरच्या नेहमीच्या पोर्टवर जाऊन बसतो आणि मॅनेजमेंट नेटवर्कवरून नाहीसा होतो. सेटिंग 'डेडिकेटेड' करा.

कन्सोल जोडला, पण काम करत नाही

लक्षण नीट पाहिलं तर कारण बहुधा लगेच सापडतं. अगम्य चिन्हं येत असतील तर दोन्ही टोकांचा वेग जुळत नाही. ९६०० आणि ११५२०० हे दोन्ही आधी करून पाहा. डेटा ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. अजिबात काही येत नसेल तर केबल तपासा. आरजे-४५ टोक सगळीकडे बसतं, पण त्यातली पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. मजकूर मध्येच थांबत असेल किंवा टाइप केलेलं पोचत नसेल, तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून 'पाठव' किंवा 'थांब' सांगण्याची सोय) बंद करा. तीन तारांच्या केबलमध्ये त्याच्या सिग्नलची तारच नसते, त्यामुळे एक बाजू परवानगीची वाट पाहत बसते.

बायोस दिसतो आणि नंतर अंधार, ही लिनक्सवरची नेहमीची तक्रार. बायोस (बोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर), ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) या तिघांना सिरियल पोर्ट वेगवेगळा सांगावा लागतो. कर्नलच्या ओळीत 'कन्सोल' हा पर्याय एकाहून अधिक वेळा देता येतो आणि शेवटी लिहिलेला मुख्य ठरतो. सेवा सुरू होतानाचे संदेश तिथेच जातात, म्हणून सिरियल शेवटी लिहा. नेटवर्कवरून येणारा सिरियल कन्सोल बऱ्याच बोर्डांवर पहिला नसून दुसरा पोर्ट असतो, हेही पाहा. कर्नलचे संदेश दिसतात पण लॉगिन येत नसेल, तर त्या पोर्टवर गेटी (लॉगिन दाखवणारा प्रोग्रॅम) चालू नाही.

बीएमसीने कन्सोलचं सत्र आधीच चालू असल्याचं सांगून जोडणी नाकारली, तर जुनं सत्र आधी डिअॅक्टिव्हेट करा. एसएसएचमधून (दूरच्या मशीनवरच्या सुरक्षित लॉगिनमधून) आयपीएमआयटूल (बीएमसीशी बोलणारी आज्ञा) चालवत असाल तर बाहेर पडताना टिल्ड (~) दोनदा दाबून मग टिंब द्या. एकदाच दाबलात तर एसएसएचच तुटेल. जुन्या स्पार्क मशीनवर सिरियलवरून ब्रेक सिग्नल गेला की चालू यंत्रणा ओके प्रॉम्प्टवर (मशीनच्या फर्मवेअरच्या आज्ञा-ओळीवर) थांबते. कन्सोल सर्व्हर बंद-चालू करतानाही असा सिग्नल जाऊ शकतो. तिथे 'गो' म्हटलं की काम पुढे चालतं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून पर्यायी ब्रेक क्रम (ब्रेक सिग्नलऐवजी ठराविक अक्षरांचा क्रम) लावून ठेवा.

कन्सोलचा मजकूर कॉन्सर्व्हरसारख्या साधनाने अखंड साठवा, ही आमची आग्रहाची शिफारस आहे. कर्नल पॅनिकचे (कर्नल कोसळतानाचे) शब्द कोणी जोडण्याआधीच येऊन गेलेले असतात, आणि रीबूटनंतर ते परत मिळत नाहीत.

थेट वीज तोडणे

आधी कन्सोल वाचा. मग सॉफ्ट शटडाउन (ऑपरेटिंग सिस्टिमला नीट बंद व्हायला सांगणं), रीसेट, पॉवर सायकल (बीएमसीकडून वीज बंद करून पुन्हा चालू), आणि आउटलेट सगळ्यांत शेवटी. बीएमसीच हँग असेल तर त्याचा कोल्ड रीसेट करून पाहा. बहुतेक सर्व्हरवर चालू काम त्याने थांबत नाही.

दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरचं एकच आउटलेट बंद केलं तर तो चालूच राहतो. दोन्ही एकाच वेळी बंद हवीत, तीही किमान १० ते ३० सेकंद, म्हणजे कपॅसिटर रिकामे होतील. वीज परतल्यावर बीएमसीला उठायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात घाईने पुन्हा सायकल करू नका.

वीज परतल्यावर काय करायचं ते धोरणही बघून ठेवा. ते 'पूर्वस्थिती' असेल आणि तुम्ही सॉफ्ट शटडाउन करून मग आउटलेट बंद-चालू केलंत, तर सर्व्हर बंदच राहील. 'नेहमी चालू' हे सुरक्षित. मात्र मग पीडीयूवर आउटलेटांमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवा, नाहीतर सगळे सर्व्हर एकदम उठून ब्रेकर पडेल. दोन फीडवर (वेगळ्या वीजपुरवठा लाइनींवर) सारखा भार असेल तर प्रत्येकी क्षमतेच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ नका. एक फीड गेला की दुसऱ्याला दोघांचा भार उचलायचा असतो.

आयपीएमआय उघड्यावर ठेवणे

आयपीएमआय म्हणजे बीएमसीशी नेटवर्कवरून बोलण्याचा प्रोटोकॉल. त्याचं पोर्ट यूडीपी ६२३ इंटरनेटवर कधीही दिसू नये. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून काढलेली, अंदाज ताडून पाहता येणारी खूण) समोरच्याला मिळतो. हा प्रोटोकॉलच्या रचनेतला दोष आहे, फर्मवेअर अपडेटने तो जात नाही. सायफर शून्य (पासवर्ड न तपासता आत घेणारा पर्याय) बंद करा, आणि २० बाइटांच्या मर्यादेत बसणारा लांब, यादृच्छिक पासवर्ड ठेवा.

लेबलवर विश्वास ठेवणे

नवा सर्व्हर कामाला लावण्याआधी त्याची आउटलेटं एकेक करून बंद करा आणि बीएमसीमध्ये कोणत्या पॉवर सप्लायची वीज गेली ते वाचा. भलत्याच सर्व्हरने तक्रार केली तर नोंद चुकली आहे. केबलचा पुन्हा माग काढून लेबल बदला आणि पीडीयूमधलं आउटलेटचं नावही त्याच वेळी दुरुस्त करा.