कोडासाठी घरी ‘लाइट’ घेताना

कोड आणि सोरायसिस या दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञ बऱ्याचदा नॅरोबँड यूव्हीबी सुचवतात. हे ३११ ते ३१३ नॅनोमीटरचे अतिनील (यूव्ही) किरण. यालाच ‘लाइट’ घेणं म्हणतात. डाग मोजके असतील तर हातात धरायचं छोटं यंत्र घरी वापरता येतं, पण डॉक्टरांनी तपासून डोस लिहून दिल्यावरच. ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) असेल, पूर्वी त्वचेचा कर्करोग झाला असेल किंवा त्वचा प्रकाशाबाबत हळवी करणारं डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल, तर आधी सांगा. पाण्याच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा मात्र कधीही वापरू नका. तो जंतू मारण्यासाठी असतो, त्याने डोळे आणि कातडी भाजते.

लाइट घेण्याआधी डागावर अत्तर, क्रीम काही नको. भोवतालची चांगली त्वचा कापडाने झाका. यूव्ही अडवणारा गॉगल स्वतःही घाला आणि यंत्र धरणाऱ्यालाही द्या. लहान मुलांना खोलीबाहेर ठेवा. अंतर दर वेळी तेवढंच हवं आणि वेळ टायमरवर लावा, अंदाजाने नको.

आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून. कोडात सुरुवात सहसा २०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरने होते आणि दर वेळी १० ते २० टक्के वाढवतात. पण वाढवायचं की नाही, हे त्वचा सांगते. डाग फिकट गुलाबी होऊन २४ तासांत निवळला, तर डोस बरोबर आहे, तोच ठेवा. काहीच रंग आला नाही तर ठरल्याप्रमाणे वाढवा. लाली दुसऱ्या दिवशीही टिकली तर ती जाईपर्यंत थांबा आणि पुढचा डोस कमी करा. दुखलं, फोड आले तर लाइट बंद करून डॉक्टरांना दाखवा.

गावी गेलात, आठवडाभराहून जास्त खंड पडला, तर जुन्याच डोसवर परतू नका. तो किती उतरवायचा ते विचारा. तीन आठवड्यांहून जास्त खंड असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

मुलीचं लग्न जवळ आलं म्हणून मिनिटं वाढवणारे, वरून बावचीचं तेल लावून उन्हात बसवणारे आईवडील असतात. त्यांची तळमळ खरी, पण बावची त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करते आणि मोठे फोड येतात. तेल आणि लाइट एकत्र नकोच. रंग परततो तो केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपक्यांनी, चेहऱ्यावर लवकर, बोटांवर फार उशिरा. सहा महिने नियमित घेतल्याशिवाय ‘गुण आला नाही’ म्हणू नका. दर महिन्याला त्याच उजेडात एक फोटो काढा आणि तपासणीला जाताना तो घेऊन जा.