मेश वाय-फाय: दुसरा नोड नेमका कुठे ठेवायचा?

मेश वाय-फाय म्हणजे घरभर एकच वाय-फाय पसरवणारे दोन-तीन डबे. त्यातला प्रत्येक डबा म्हणजे नोड, आणि इंटरनेटच्या लाइनला जोडलेला तो मुख्य नोड. ज्या खोलीत रेंज अजिबात येत नाही, तिथेच दुसरा नोड नेऊन ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. तसं करू नका. त्या नोडलाच मुख्य नोडकडून सिग्नल नीट मिळाला नाही, तर तो पुढे काय देणार? मोबाईलवर रेंज फुल दिसेल, पण व्हिडिओ अडकतच राहील. नोड हवा तो मधल्या टप्प्यावर, जिथे मुख्य नोडची रेंज अजून चांगली येते तिथे. साधारण एक-दोन भिंतींपलीकडे, टेबलाच्या उंचीवर आणि मोकळ्या जागी. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, मोठ्या आरशाजवळ किंवा फिश टँकशेजारी नको. धातू आणि पाणी सिग्नल अडवतात, आणि ५ गिगाहर्ट्झचा (वाय-फायच्या वेगवान पट्ट्याचा) सिग्नल तर भिंतींनीही लवकर मंदावतो.

दोन नोडमध्ये लॅन केबल (नेटवर्कची वायर) टाकता येत असेल, तर जरूर टाका. माझ्या मते महागडा संच घेण्यापेक्षा या एका केबलने जास्त फरक पडतो. नोड आपसातला डेटा केबलवरून पाठवतात आणि वाय-फायचा सगळा वेग तुमच्या उपकरणांसाठी मोकळा राहतो.

जुन्या राउटरचं वाय-फाय बंद करा. तो राउटर काढता येत नसेल, तर त्याला ब्रिज मोडवर टाका (म्हणजे तो फक्त इंटरनेट पुढे देईल), नाहीतर मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे ते फक्त वाय-फाय पसरवेल). दोघंही राउटिंग (उपकरणांना पत्ते देऊन डेटा इकडे-तिकडे पाठवण्याचं काम) करू लागले की ऑनलाइन गेम, प्रिंटर, कॅमेरे यांची गडबड सुरू होते. आणि हो, मेशला जुन्या वाय-फायचंच नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे घरातली बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातील.