ड्रेन प्लगचे आटे गेले, आता काय?

मी टूलरूममध्ये काम करते. भोक पाडणं, आटे मारणं हे माझं रोजचं, त्यामुळे घरात कुणाचंही काही स्लिप झालं की ते माझ्याकडे येतं. मागे एकदा धाकटे दीर मोटरसायकल ढकलत घेऊन आले. "वहिनी, ऑइल बदलायला बसलो आणि खालचा बोल्ट नुसताच गोल फिरायला लागला. घट्टही होत नाही, निघतही नाही."

"भाऊजी, फिरवला कुठल्या बाजूला?"

ते जरा घुटमळले तेव्हाच समजलं. ड्रेन प्लग म्हणजे इंजिनाच्या तळाचा, जुनं ऑइल काढायचा बोल्ट. त्याचं डोकं जमिनीकडे असतं. गाडीवरून वाकून, हात खाली घालून पाना फिरवला की दिशा उलटी होते. डोक्याकडे समोरून, म्हणजे खालून बघायचं आणि घड्याळाच्या उलट फिरवायचं, मग तो सुटतो. भाऊजींनी सोडतोय समजून आवळला होता, आणि हलेना म्हणून पान्यावर पाइप चढवला होता. प्लग पोलादाचा, तो बसतो ते इंजिनाच्या तळाचं कवच, म्हणजे चेंबर, ॲल्युमिनिअमचं. हार कोण मानणार ते ठरलेलंच.

आधी नेमकं काय गेलंय ते बघा. डोक्याचे कोपरे गोल झाले असतील पण आटे शाबूत असतील, तर दुखणं किरकोळ आहे. बारा कोनांचा पाना बाजूला ठेवा, सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या. तीही घसरली तर एक नंबर लहान गोटी हातोडीने डोक्यावर ठोकून बसवा, नाहीतर व्हाइस ग्रिपने पकडा. प्लग निघाला की फेकून द्या आणि नवा लावा. विषय संपला.

खरी पंचाईत आटे गेल्यावर. गरगर फिरणारा प्लग बाहेर काढायला त्याच्या डोक्याखाली पातळ स्क्रू-ड्रायव्हर सरकवायचा, खाली हलका दाब देत दुसऱ्या हाताने पाना सोडायच्या दिशेने फिरवायचा. वॉशर टेकतो त्या जागेवर ओरखडा पडू देऊ नका, ऑइल तिथेच अडतं. इंजिन कोमट असू द्या, गरम नको, कारण प्लग अचानक सुटतो आणि ऑइल सरळ मनगटावर येतं. भाऊजींच्या प्लगच्या आट्यांत चंदेरी तारेचं वेटोळं अडकून आलं होतं, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखं. ते म्हणजे चेंबरचे आटे. एवढं स्वच्छ वेटोळं निघालं की मनातली शंका सोडून द्यावी, जुने आटे परत येत नाहीत.

टेफ्लॉन टेप गुंडाळणं, इपॉक्सी थापणं, स्वतःच आटे कापत आत जाणारा जाडा प्लग ठोकणं, हे सगळे उपाय लोक करतात. मी करत नाही. प्लगच्या मागेच मागचं चाक आहे. वळणावर त्या टायरखाली ऑइल आलं तर काय होईल ते सांगायला नको.

नीट मार्ग दोन. एक, भोक मोठं करून पुढच्या मापाचे आटे मारायचे. बऱ्याच गाड्यांना एम १२ × १.५ चा प्लग असतो, म्हणजे जाडी १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर. तसा असेल तर १२.५ मिलिमीटरचं ड्रिल आणि एम १४ × १.५ चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, लागतो. पण आधी थ्रेड गेजने जुन्या प्लगचं माप घ्या, अंदाजाने टॅप आणू नका. भोकाभोवती धातू पुरेसा जाड आहे ना, आणि नव्या प्लगचा वॉशर सपाट जागेवर पूर्ण बसतो ना, तेही बघा. दुसरा मार्ग म्हणजे आत पोलादी इन्सर्ट, म्हणजे तयार आट्यांचं अस्तर, बसवून जुनंच माप ठेवायचं. तारेचा इन्सर्ट स्वस्त पडतो, पण त्याचं शेपूट मोडून काढावं लागतं आणि भोक आरपार असल्यामुळे ते इंजिनात पडू शकतं. लांब चोचीच्या पकडीने धरूनच मोडा. वर्षातून दोन-तीनदा उघडणाऱ्या भोकाला मला भरीव बुशचा, म्हणजे अखंड नळीसारखा इन्सर्ट जास्त पटतो.

भाऊजींच्या गाडीला धातू भरपूर होता, म्हणून मी १४ चा टॅप मारला. गाडी सरळ उभी ठेवा, आडवी करू नका. खालून काम करणं अवघड जातं, पण कीस खाली पडतो. ड्रिल अगदी सावकाश चालवा, ॲल्युमिनिअम ड्रिलला आत खेचून घेतं.

टॅप तिरका गेला तर प्लगही तिरका बसेल आणि वॉशर एका बाजूनेच दबेल, मग कितीही आवळा, गळणारच. गुण्या लावून दोन बाजूंनी बघा. मी पोलादाच्या जाड तुकड्यात १४ मिलिमीटरचं काटकोनी भोक पाडून घेतलं, तो चेंबरला टेकवला आणि टॅप त्यातून घातला. त्यामुळे पहिले दोन-तीन आटे सरळ पडतात, पुढे टॅप आपली वाट आपण धरतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्याला चिकटतो. धारेला रॉकेलचे चार थेंब. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. हाताला कुरकुर लागली की टॅप बाहेर काढा, पुसा, पुन्हा ग्रीस भरा. प्लगच्या आट्यांइतक्या लांबीवर टॅपला चिकटपट्टी लावून ठेवा, आत ऑइलची जाळी किंवा गिअर असू शकतो. टॅपचं टोक निमुळतं असतं, त्यामुळे पहिल्या टॅपने तेवढ्या लांबीत पूर्ण आटे पडत नाहीत. त्यामागून दुसरा, तिसरा टॅप फिरवा.

"आत राहिलेला कीस चुंबकाने काढू?" असं भाऊजींनी विचारलं. ॲल्युमिनिअम चुंबकाला चिकटत नाही. भोक उघडं ठेवून वरून पाव लिटर स्वस्त ऑइल ओता, खाली पांढऱ्या फडक्यावर घ्या. चमक दिसायची थांबेपर्यंत पुन्हा ओता. आम्हाला तीन वेळा ओतावं लागलं.

नवा प्लग, नवा वॉशर. प्लग शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. मग टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. प्लग जाडा झाला म्हणून आकडा वाढवू नका.

ऑइल भरून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवलं, प्लगभोवतीची जागा कोरडी पुसली आणि तिथे खडूची पूड लावली. गळती बारीक असली तरी पुडीवर काळा डाग उमटतो. रात्रभर ठेवून सकाळी आरसा घेऊन बघितलं, पूड पांढरीच होती. तरी पाचशे किलोमीटरवर ऑइल पुन्हा बदलायला लावलंच. त्या वेळी भाऊजी जमिनीवर आडवे झाले, प्लगकडे खालून बघितलं आणि पाना लावायच्या आधी हवेतच हात फिरवून मला विचारलं, "असाच ना?"