एकाच कागदावर झाडाचे वर्ष: पानांचे थरांवर थर ठसे कसे घ्यावेत

एखादे झाड निवडून त्याची कोवळी पालवी, भरलेली पाने, पानगळीतली जाळीदार पाने आणि शेवटी उघडी काटकी एकाच कागदावर ऋतूगणिक छापत जायचे, असे हे काम आहे. ते वर्षभर चालते आणि वाटेत काही कागद बिघडतातच, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा कागद हाती घ्यावेत. कागद दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा, गुळगुळीत आणि सुती असावा. शाई वाळल्यावर पाण्याने न विरघळणारी निवडावी, नाहीतर पुढचा थर देताना मागचा फिसकटतो.

तोडलेले पान काही तास वर्तमानपत्राच्या घडीत, जड पुस्तकाखाली दाबून ठेवावे. अगदी ताज्या पानाचा रस कागदावर उतरतो, तर फार वाळलेल्या पानाचा रोलरखाली चुरा होतो. शाई काचेवर घेऊन रोलरने पातळ पसरावी. रोलर फिरताना बारीक चुरचुर ऐकू आली की थर बरोबर जमला, आणि चपचप आवाज आला की शाई जास्त झाली असे समजावे. शिरा पानाच्या मागच्या बाजूला उठून असतात, म्हणून शाई त्याच बाजूला लावावी. मग देठ चिमट्यात धरून पान शाईची बाजू खाली येईल असे कागदावर ठेवावे, त्यावर साधा कागद घालावा आणि पान हलू न देता चमच्याच्या पाठीने मधल्या शिरेपासून कडांकडे घासत जावे. शाई पुन्हा न लावता त्याच पानाचा दुसरा ठसा घेतला, तर तो फिकट उमटतो आणि दूरच्या पानासारखा दिसतो. मला तर पहिल्यापेक्षा हा दुसराच जास्त आवडतो.

खरी कसोटी रंगांची आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात पालवीच इतक्या गडद हिरव्यात छापली गेली की उरलेल्या ऋतूंना जागाच राहिली नाही. तेव्हापासून मी पहिल्या दोन थरांत एक भाग रंगाला तीन भाग पारदर्शक बेस (शाई फिकी करणारे बिनरंगी माध्यम) मिसळतो आणि फिक्याकडून गडदाकडे जातो. पालवीला पिवळट पोपटी आणि भरल्या पानांना निळसर हिरवा रंग शोभतो. पानगळीचा तांबूस रंग हिरव्यावर पडला की तपकिरी होतो, त्यामुळे तो आधी रद्दी कागदावर पाहून घ्यावा. किडीने खाल्लेली पाने मुद्दाम जपून ठेवावीत, कारण त्यांच्या भोकांतून खालचा ऋतू दिसत राहतो.

प्रत्येक थरानंतर कागद पूर्ण वाळू द्यावा. तेलयुक्त शाईला त्यासाठी कित्येक दिवस लागू शकतात. मागे पेन्सिलीने तारीख लिहून, मध्ये बटर पेपर घालून कागद सपाट आणि उन्हापासून दूर ठेवावेत. शेवटची काटकी बारीक निवडावी आणि दाबताना वर मऊ कापडाची घडी ठेवावी, म्हणजे तिच्या उंचसखल सालीचाही ठसा येतो. ती मांडण्यापूर्वी जुन्या ठशांतील देठ कुठे संपतात ते नीट पाहावे आणि तिचे डोळे, म्हणजे अंकुर फुटण्याच्या जागा, त्या टोकांना भिडतील अशी ती ठेवावी.