केळ्याचा वीगन ब्रेड: केळी मोजू नका, वजन करा

नाव ब्रेडचं असलं तरी यात यीस्ट नाही, मळणं नाही, पीठ फुगायला तासन् तास ठेवणंही नाही. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर यांच्या जोरावर हा फुगतो. वीगन करायचा म्हणजे अंडं, दूध, दही, लोणी, तूप सगळं बाद, आणि मधसुद्धा. तरी तो जमतो, कारण अंड्याची बरीच कामं पिकलेलं केळंच करतं. ओलावा देतं, मिश्रण बांधून ठेवतं. आपल्याकडचं तवसळं आठवा: काकडी, तांदळाचा रवा, गूळ. तिथे अंड्याची आठवणही कुणाला येत नाही.

पाककृतीत अनेकदा जवसाची पूड पाण्यात भिजवून घालायला सांगतात. केळ्याच्या ब्रेडला ती लागत नाही. उलट चिकटपणा वाढतो. हा ब्रेड बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याचं प्रमाण चुकल्यामुळे, आणि ते पाणी येतं केळ्यातून.

म्हणून "तीन केळी" या मापावर विसंबू नका. जळगावकडची मोठी केळी सोलल्यावर साधारण 100 ते 120 ग्रॅम भरतात, वेलची केळं त्याच्या निम्मंही भरत नाही. सोललेला गर 300 ग्रॅम हवा. काटा नसेल तर कुस्करल्यावर 240 मिलिलिटरचा सव्वा कप. सालीवर भरपूर काळे ठिपके आलेली, हाताला मऊ लागणारी केळी घ्या. पिकताना त्यांतल्या पिष्टाची साखर होते, आणि चव तिथूनच येते. पिवळीधमक केळी असतील तर सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत घालून दोन दिवस ठेवा. ओव्हनमध्ये साल काळी करून घेण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, पण त्याने केळं नुसतं मऊ होतं, पिकल्याची गोडी येत नाही.

साहित्य (8 × 4 इंचांच्या एका टिनसाठी)

केळ्याचा गर 300 ग्रॅम
मैदा 150 ग्रॅम, गव्हाचं पीठ 75 ग्रॅम
गुळाची पावडर किंवा साखर 100 ग्रॅम
वास नसलेलं तेल 75 मिलि
बिनसाखरेचं सोया दूध 60 मिलि
लिंबाचा रस किंवा व्हिनेगर 1 टेबलस्पून
खायचा सोडा अर्धा टीस्पून
बेकिंग पावडर दीड टीस्पून
मीठ अर्धा टीस्पून
किसलेलं जायफळ पाव टीस्पून
अक्रोडाचे तुकडे 50 ग्रॅम

चमचे मापाचे घ्या आणि सपाट भरा. पोह्याच्या चमच्याने घातलेला सोडा हमखास जास्त पडतो. खायचा सोडा म्हणजे पापडखार नव्हे. बरण्या शेजारी असतील तर आधी लेबल वाचा. सोडा जुना झालाय का ते पाहायला चिमूटभर सोड्यावर व्हिनेगर टाका, बेकिंग पावडरवर गरम पाणी ओता. लगेच फसफसलं पाहिजे.

पाकिटावरचा शाकाहारीचा हिरवा ठिपका इथे उपयोगाचा नाही, कारण दूध असलेल्या पदार्थावरही तो असतो. चॉकलेट चिप्स किंवा मार्जरिन घालणार असाल तर घटकांत दूध पावडर, व्हे वगैरे नाही ना ते बघा. 2022 च्या नियमांनुसार वीगन पदार्थांसाठी हिरव्या व्ही अक्षराचं वेगळं चिन्ह आहे.

कृती

ओव्हन 175 अंशांवर 15 मिनिटं तापवत ठेवा. टिनला तेलाचा हात लावून बटर पेपर घाला, दोन्ही बाजूंनी कागद थोडा बाहेर राहू द्या. पुढे ब्रेड उचलायला तेच हँडल. सोया दुधात लिंबाचा रस मिसळून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत ते फाटल्यासारखं दिसेल, तसंच हवंय.

केळी पावभाजीच्या मॅशरने कुस्करा. मिक्सर टाळा, त्यात गर गोंदासारखा होतो. वाटाण्याएवढ्या दोन-चार गुठळ्या राहिल्या तर चांगलंच. त्यात गूळ, तेल आणि ते दूध घालून गूळ विरेपर्यंत फेटा. दोन्ही पिठं, सोडा, बेकिंग पावडर, मीठ, जायफळ वेगळ्या भांड्यात एकत्र चाळून घ्या. सोड्याची गुठळी राहिली तर खाताना तिथेच कडू घास लागतो.

आता कोरडं मिश्रण ओल्यात एकदम घाला आणि उलथण्याने खालून वर असं 12 ते 15 वेळा फिरवा. पिठाची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवायचा. गुळगुळीत करण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो: फेटत राहिलं की मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं, ब्रेड वातड होतो, आत लांबट भोकं पडतात. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट असावं, उलथण्यावरून धार न लागता थबथब पडावं. धार लागली तर दोन टेबलस्पून पीठ वाढवा. अक्रोड घाला, टिन भरा आणि लगेच ओव्हनमध्ये सरका. सोडा आंबटाला लागताक्षणी वायू सोडू लागतो, त्यामुळे भरलेला टिन ओट्यावर राहिला की तो वायू उडून जातो.

मधल्या किंवा त्याखालच्या कप्प्यात 50 ते 60 मिनिटं भाजा. पहिली 35 मिनिटं दार उघडू नका. वरून लवकर काळपट झाला तर त्यानंतर फॉइल झाका. मधोमध सुरी खुपसून पाहा. ओलं मिश्रण चिकटायला नको, ओलसर कण चालतील. फक्त सुरी केळ्याच्या गुठळीतून गेली तर फसवते, म्हणून दोन ठिकाणी बघा. थर्मामीटर असेल तर आत 95 ते 97 अंश. माथ्यावर भेग पडणारच, तो दोष नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत दीड वाटी मीठ पसरा, वर स्टँड ठेवा आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटं तापवा. 7 इंची गोल भांड्यात मिश्रण घालून आच मंद करा. 40 मिनिटांनी तपासा. वरचा रंग फिका राहतो, चवीत फरक नाही.

बिघडलं तर

मधोमध खचला: सोडा जास्त पडला, दार लवकर उघडलं किंवा मध्य कच्चा होता.

तळाशी गिच्च, खरवसासारखा थर: केळं जास्त किंवा पीठ कमी. ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि आणखी 10 मिनिटं भाजून ती जात नाही.

साबणासारखी चव: सोडा जास्त, आंबट कमी. लिंबू वगळू नका.

बाहेर करपला, आत ओला: तुमचा ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतो. 165 वर ठेवा आणि वेळ वाढवा.

बाहेर काढल्यावर 10 मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर पूर्ण थंड होऊ द्या. गरम कापला तर चुरा होतो आणि आतून कच्चा वाटतो. दुसऱ्या दिवशी चव मुरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाहेर दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, बुरशी धरते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. फ्रिजमधला काप थोडा कडक होतो, तो तव्यावर थेंबभर खोबरेल तेल घालून दोन्ही बाजूंनी शेकून घ्या.