फिर्यादीत आधी माणसाचं सांगा, मग वस्तूचं

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मी बरीच वर्षं फिर्यादी लिहून घेतल्या. समोर बसलेला माणूस सुरुवात वस्तूपासून करतो, "साहेब, दोन तोळ्यांचं मंगळसूत्र गेलं." पण चोरी की जबरी चोरी हे तोळ्यांवर ठरत नाही. तुमच्या अंगावर हात पडला का, अडवलं का, जिवाची भीती घातली का, यावर ठरतं.

एक बाई आल्या होत्या. हिसका बसला, साखळी गेली, एवढंच सांगत होत्या. लिहिताना माझं लक्ष पदराखाली धरलेल्या मनगटाकडे गेलं. चांगलंच सुजलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "त्याचं काय एवढं! मी त्याचा शर्ट धरला, म्हणून त्यानं हात पिरगाळला." त्या एका वाक्यानं गुन्हा बदलला. माल घेऊन पळता यावं म्हणून मुद्दाम दुखापत केली, म्हणजे जबरी चोरी.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. नकळत खिसा मारला तर कलम 303, 3 वर्षांपर्यंत कैद. राहत्या घरातून चोरी झाली तर 305, 7 वर्षांपर्यंत. झडप घालून हिसकावलं, पण दुखापत किंवा धाक नाही, तर 304. जबरी चोरीला 309, 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तीच सूर्यास्त ते सूर्योदय यादरम्यान हमरस्त्यावर घडली तर 14 वर्षांपर्यंत. पाच किंवा अधिक जण मिळून जबरी चोरी करतात तेव्हा दरोडा, कलम 310. बंद घराचं कुलूप दोघांनी तोडलं तरी लोक 'दरोडा पडला' म्हणतात, ती घरफोडी.

म्हणून घडलं त्याच क्रमानं सांगा. नुसतं "धमकी दिली" म्हणू नका, त्याच्या तोंडचे शब्द सांगा. चाकू कुठे धरला, वाट कुणी अडवली, तुम्ही पर्स सोडली ती कशानंतर, हे सगळं. हत्यार नव्हतं म्हणून गप्प राहू नका, हातानं अडवून ठेवलं तरी ते मोजलं जातं. आणि क्रम उलटा असेल तर तोही खरा सांगा. चोरानं पिशवी टाकून दिली आणि मग फक्त स्वतः सुटण्यासाठी फटका मारला, तर ती जबरी चोरी होत नाही. मारहाणीचं कलम वेगळं लागतं.

मार लागला असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय तपासणीसाठी पोलिसांचं पत्र मागा. सूज दोन दिवसांत उतरते, मग कागदावर काहीच उरत नाही.

हिसकावून नेलेल्या मोबाईलची 'गहाळ' म्हणून नोंद होऊ देऊ नका. सहीआधी फिर्याद वाचून घ्या. चष्मा विसरला असाल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे. नोंदवून घ्यायला नकार मिळाला तर हीच हकीकत लिहून पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.