दवाखान्याच्या ठरावावर विरोधकांनी पत्रक कसं काढावं

गेल्या महिन्यात आमच्या रामबागेतला एक मुलगा मजकूर घेऊन छापखान्यात आला. पक्षाचं नाव सांगत नाही, सध्या विरोधात आहेत एवढं पुरे. त्याच्या सासुरवाडीच्या गावात, इंदूरपासून दीड तासावर, नगरपालिकेनं आपला दवाखाना ठेकेदाराला चालवायला द्यायचा ठराव केला होता आणि गाव भडकलं होतं. मजकुरात 'जाहीर निषेध' तीनदा, 'काळा दिवस' दोनदा, आणि वर नेत्यांचे सात फोटो. दवाखान्याचा एकही नाही.

"काका, निषेध लाल शाईत घेऊ या का?"

मी म्हटलं, बस, चहा घे. मल्हारगंजात एकतीस वर्षं मी पत्रकं छापतोय, सगळ्या पक्षांची. ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या यंत्रावर, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापली, आता ऑफसेटवर छापतो. राजकारण मला फारसं कळत नाही, पण कुठलं पत्रक घरात जातं आणि कुठलं पोह्यांखाली, हे मात्र कळतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, जरा नीट लावून.

पोह्यांखाली ही म्हण नाही हं. ट्रेडलच्या काळात अशाच एका लहान गावच्या पालिकेनं दवाखान्याची पर्ची, म्हणजे तपासणीची चिठ्ठी, एक रुपयावरून पाच रुपये केली. विरोधकांनी माझ्याकडून तीन हजार पत्रकं छापून घेतली, जाड टायपात 'धिक्कार'. चौथ्या दिवशी दुसरा माल पोचवायला त्या गावी गेलो, तर स्टँडवरच्या गाडीवाल्यानं मला पोहे दिले ते त्याच पत्रकावर. वर शेव, जिरावण, कांदा, आणि खाली तेलानं पारदर्शक झालेला माझा 'धिक्कार', उलटा. (छापील कागदावर खाऊ नये, शाई पोटात जाते. हे मी गाडीवाल्याला सांगितलं, त्यानं मला वर आणखी शेव घातली.) गठ्ठा कुठून मिळाला विचारलं. म्हणाला, पक्षाच्या पोरानंच दिला, वाटायचा कंटाळा आला होता त्याला.

मग विरोधकांचा म्होरक्या, शाळामास्तर होता, दुसरा मजकूर घेऊन आला. या वेळी शहाणपणा केला होता. वर जुनी पर्ची आणि नवी पर्ची शेजारी-शेजारी, ब्लॉक म्हणजे चित्राचा ठसा करून. खाली ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांची नावं, वॉर्डासह. विशेषण एकही नाही. मी मनात म्हटलं, हे चालणार. आणि चाललंही, दोन दिवस. लोकांनी दाराच्या आत चिकटवलं. तिसऱ्या दिवशी सत्ताधाऱ्यांनी दुसऱ्या छापखान्यातून एवढंसं चिटोरं काढलं: ठराव पास झाला अकरा मतांनी, यांच्या यादीत नावं दहा, अकरावा कोण? अकरावा मास्तरांच्याच पक्षाचा होता. त्याच्या गल्लीत नळाची लाइन टाकून द्यायचं कबूल झालं होतं म्हणतात. मास्तरांनी तो गाळला होता, कुणी मोजणार नाही या भरवशावर. गावात लोकांना बेरीज येते.

तेव्हा आधी आपल्या माणसांचे हात मोजा. कुणी फुटला असेल, कुणी गैरहजर राहिला असेल, कुणी ठरावाच्या वेळी चहा प्यायला बाहेर गेला असेल, तर ते आपणच आधी सांगावं. फुटलेल्याचं नाव यादीत पहिलं टाकावं असं माझं मत आहे. मास्तरांना ते तेव्हा पटलं नाही, नंतर पटलं.

पण हात मोजायचे तर ते दिसले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी सभापती 'मंजूर? मंजूर' म्हणून पुढे जातो आणि सगळं आवाजी मतदानात विरघळतं. लोकसभेतही आधी आवाजीच असतं. कुणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तरच कोण कुठे हे कागदावर येतं. विरोधकांचं खरं काम त्या अर्ध्या मिनिटात असतं. सभागृहातून ओरडत बाहेर पडलं की पेपरात फोटो येतो, पण मतविभागणी मागायला आत कुणी उरत नाही. सभात्याग करून मग माझ्याकडे 'कुणी-कुणी मत दिलं ते छापा' म्हणून आलेली मंडळी मी दोनदा तरी परत पाठवली आहेत. आता निदान माहितीचा अधिकार आहे, 2005 पासून. कार्यवाहीच्या नकलेसाठी अर्ज टाकला तर तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. पण तीस दिवसांत राग निवतो.

विधानसभेचं किंवा संसदेचं मतदान असेल तर नावांच्या यादीवर फार कागद घालवू नका. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आमदार-खासदाराला व्हिप, म्हणजे मत कुठे द्यायचं हा पक्षाचा आदेश, मोडता येत नाही, मोडला तर खुर्ची जायची भीती. त्याला 'तू मत का दिलंस' विचारलं तर तो पक्षाकडे बोट दाखवील, आणि ते खोटंही नसेल. तिथे वेगळं विचारायचं: ठराव यायच्या आधी तुम्ही पक्षाच्या बैठकीत आमच्या दवाखान्याबद्दल काय बोललात? हे उत्तर बहुतेकांकडे नसतं.

अमेरिकेत हे उलटं आहे, तिथे खासदारालाच त्याच्या मताचा जाब विचारतात, आणि ते मी तिथे जाऊन पाहिलं. माझी मुलगी न्यू जर्सीत असते, बर्लिंग्टन काउंटीत. 2018 च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे होतो, निवडणूक तोंडावर. तिच्या टपालपेटीत रोज दोन-तीन कार्डं पडायची. जाड आर्टकार्ड, दोन्ही बाजूंनी चकचकीत. मी कागद बोटांनी ओळखतो, तीनशे जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) खाली नव्हतं. जावई ती थेट कचऱ्यात टाकायचा, मी काढून घ्यायचो. तिथल्या खासदाराचं नाव, त्यानं दिलेलं मत, आणि त्या मतामुळे घरच्या विम्याचं काय होईल, एवढाच मजकूर. 'धिक्कार'ला इंग्रजीत काय म्हणतात कोण जाणे, पण तो शब्द तिथे नव्हता.

प्रकरण असं होतं. ओबामांच्या वेळचा आरोग्यविम्याचा कायदा मोडून दुसरा आणायचा, म्हणून 4 मे 2017 ला त्यांच्या प्रतिनिधीगृहात मतं घेतली. 217 विरुद्ध 213. सत्ताधारी रिपब्लिकनांतले 20 जण विरोधात गेले, विरोधातल्या डेमोक्रॅटांचा एकही फुटला नाही. किती लोकांचा विमा जाईल याचा त्यांच्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशोब यायच्या आतच मतं झाली. हिशोब आला 24 मेला: 2026 पर्यंत विमा नसलेली माणसं 2 कोटी 30 लाखांनी वाढतील. विरोधकांच्या हातात आयतं आलेलं वाक्य ते, की यांनी किंमत न बघता माल घेतला.

आणि मुलीच्या भागाचे खासदार टॉम मॅकआर्थर यांच्याच दुरुस्तीनं ते अडलेलं बिल पुढे सरकलं होतं. ज्यांच्या विम्यात खंड पडला त्यांच्याकडून आजार बघून जास्त हप्ता घेण्याची मुभा राज्यांना मागता येईल, अशी ती दुरुस्ती. मतदानानंतर सहाच दिवसांनी ते विलिंगबरो गावात लोकांसमोर उभे राहिले आणि जवळजवळ पाच तास बोलणी खाल्ली. उभे राहिले याबद्दल त्यांना मानायला हवं; आपल्याकडे असा ठराव झाला की महिनाभर नेता लग्नालाही दिसत नाही. 2018 च्या नोव्हेंबरात ते अँडी किम यांच्याकडून थोडक्या मतांनी हरले. देशभरात प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटांच्या चाळीस जागा वाढल्या. सगळं एका मतानं झालं असं मी म्हणत नाही. पण दीड वर्ष ते मत त्यांनी शिळं होऊ दिलं नाही.

हेच आपल्या मुलांना जमत नाही. ठराव सोमवारी, मोर्चा मंगळवारी, पत्रक बुधवारी, आणि शुक्रवारी सगळे क्रिकेटकडे. माझ्या मते एकदम पाच हजार छापूच नयेत. पहिल्या आठवड्यात पाचशे, फक्त काय झालं ते. मग ठेका प्रत्यक्ष सुरू होईल त्या दिवशी पाचशे. मग पहिलं वाढीव बिल कुणाच्या हातात पडेल तेव्हा. लोकांना ठराव आवडत नाही तेव्हा ते बोलतात, बिल येतं तेव्हा ते मोजतात.

इथे एका गोष्टीत आमच्या इंदूरचाच दाखला देतो, कारण विरोधक हमखास इथे घसरतात. 1994 ला सुरतेत प्लेग आला, त्यानंतर आमचं मोठं सरकारी एम. वाय. हॉस्पिटल रिकामं करून तिथले उंदीर मारले होते. त्या साफसफाईतून रोगी कल्याण समिती निघाली. ऐपत असलेल्या पेशंटकडून थोडे पैसे घ्यायचे, गरिबाला माफ, आणि ते पैसे त्याच हॉस्पिटलवर खर्च करायचे. पुढे 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात ती पद्धत देशभर गेली. तेव्हाही 'सरकारी दवाखान्यात पैसे कसले' म्हणून बोलणारे होते, पण वॉर्ड स्वच्छ दिसले तेव्हा निम्म्यांचा आवाज बसला. म्हणून 'पैसे घेणं म्हणजे पाप' असं लिहू नका. घेतलेला पैसा कुठे जातो, माफी कुणाला आणि ती द्यायची कुणी, औषध आत मिळणार की बाहेरच्या दुकानातून, हे विचारा. ठेका असेल तर ठेक्याचा कागद वाचा. त्या मुलाला मी विचारलं, रात्री बाळंतपणाची बाई आली तर ठेकेदाराला डॉक्टर ठेवायची सक्ती आहे का? त्यानं ठराव वाचलाच नव्हता. सहा पानांचा ठराव, त्याच्या मोबाइलमध्ये होता, उघडला नव्हता. आम्ही तिथेच वाचला. सक्ती नव्हती. 'रात्रपाळी' हा शब्दच सहा पानांत नव्हता. मी म्हटलं, हे तुझं पत्रक, बाकी सगळं खोड.

मग एक माणूस शोधायचा. मोठी कहाणी नको, रडता फोटो तर मुळीच नको. रोगीण कुणाची तरी सून असते, तिला चौकात टांगू नये. नाव न घेता नुसता हिशोब मांडावा: रात्री दोन वाजता दवाखाना बंद, तालुक्याला जायला गाडीभाडं इतकं, तिथून इंदूरला इतकं. भाडं खरं लिहावं. पन्नास रुपये फुगवलेत तर गावातला प्रत्येक गाडीवाला तुम्हाला खोटं पाडील.

आणि शेवटचा परिच्छेद असा हवा की आम्ही असतो तर काय केलं असतं. मुलगा म्हणाला, काका, आम्ही विरोधात आहोत, आम्हाला कोण विचारतंय? विचारतात. पुन्हा तिकडचंच सांगतो. 2010 ला ओबामांचं बिल 219 विरुद्ध 212 नं पास झालं तेव्हा रिपब्लिकन विरोधात होते, एकानंही बाजूनं मत दिलं नाही. लोकही चिडलेले होते, त्या वर्षी रिपब्लिकनांच्या 63 जागा वाढल्या. मग सात वर्षं त्यांनी 'आम्ही आलो की हा कायदा काढू' एवढंच सांगितलं. सत्ता आली, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं यावर आपसातच एकमत होईना. 28 जुलै 2017 च्या पहाटे सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, त्यांचं बिल 49 विरुद्ध 51 नं पडलं, आणि पाडणाऱ्यांत त्यांचेच तिघे होते: मकेन, कॉलिन्स, मर्कोव्स्की. विरोधात असताना जे लिहून ठेवलं नाही ते सत्तेत आल्यावर रातोरात सुचत नाही. आपल्या गावच्या दवाखान्याला हे लागू पडतं की नाही तुम्ही ठरवा, पण 'ठेका रद्द करू' लिहायचं असेल तर खाली डॉक्टरचा पगार कुठून देणार ती ओळही लिहा. सुचत नसेल तर 'रद्द' लिहू नका. 'रात्रपाळीची अट घाला' लिहा. लहान मागणी, पण ती पुढच्या सभेत मांडता येते, आणि ती नाकारताना त्यांना पुन्हा हात वर करावे लागतात.

एक गोष्ट मुलाला सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं, तरी सांगितली. खुश होऊ नका. दवाखाना बिघडला की विरोधकांच्या ऑफिसात भजी येतात, मी पाहिलंय. लोकांना तो वास लागतो.

छपाईचं थोडक्यात. कागद पांढरा घ्या, गुलाबी-पिवळा घेतला की लग्नाची जाहिरात वाटते. एकच बाजू. आकडे अक्षरांत नको, अंकांत. नेत्याचा फोटो एक, तोही खाली. निवडणुकीच्या काळातलं पत्रक असेल तर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता घालायलाच हवा, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 127क कलम आहे. प्रकाशकाची दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेली सही माझ्याकडे आधी यायला हवी, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'काका, नाव नको टाकू या' असं म्हणणाऱ्याला मी दारातूनच नमस्कार करतो.

मुलगा संध्याकाळी नवा मजकूर घेऊन आला. साडेचार ओळी, ठरावाचा क्रमांक, नऊ नावं, रात्रपाळीची मागणी. मी नऊ नावं दोनदा मोजून घेतली. पाचशे प्रतींचे पैसे आगाऊ मागितले तेव्हा त्याचा चेहरा पडला. म्हटलं, बाळ, मास्तरांच्या त्या दहा नावांवर अकरावं चिकटवायला मी तीन हजार पट्ट्या छापून दिल्या होत्या, त्याची उधारी अजून वहीत आहे.